येत नसेल त्याने डावा हात

मावशी सकाळपासून मनातल्या मनात प्रश्न आणि उत्तरं घोकत होती आणि शाळेची पायरी चढली तरी ते घोकणं थांबलं नव्हतं. मावशी ही खरं तर कुणाचीच मावशी नव्हती. अध्यापक महाविद्यालयाच्या पहिल्याच दिवशी वर्गातल्या विशी-बाविशीच्या पोरापोरींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आपसात काहीतरी कुजबुज केली आणि मधल्या सुट्टीपर्यंत ती सगळ्यांची मावशी होऊन बसली. तिला राग आला, मग सवय झाली. पुढे घरी नवराही चेष्टेने "काय मावशी, आज किती टाचणं?" असं विचारायला लागला, तेव्हा मात्र तिने हातातला झारा उगारला होता.

आज तिचा अंतिम पाठ होता. शिक्षक होणाऱ्याने वर्षभर कितीही पेपर लिहिले, कितीही तक्ते रंगवले, तरी शेवटी एक दिवस बाहेरून परीक्षक येतो, खऱ्या शाळेतल्या खऱ्या मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो आणि उमेदवाराला एक तास शिकवून दाखवावं लागतं. तो पाठ गेला की बाकीचं सगळं पाण्यात. मावशीचा मागच्या वर्षी गेला होता. दोनदाच बसता येतं, असा नियम. घराजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने एक जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, पण तीही उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंतच. म्हणजे आज हुकलं की मावशीने पुन्हा घरात बसायचं आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेत राहायचं. त्यात वाईट काही नाही, पण तिला ते नको होतं. तिला फळा हवा होता.

मागच्या वर्षी घात केला तो एका पोराने. पाठ कोनांचा होता. टाचणात, म्हणजे पाठाची आधी लिहून ठेवायची जी आखणी असते तिच्यात, एका रकान्यात शिक्षकाचे प्रश्न असतात आणि शेजारच्या रकान्यात मुलांची अपेक्षित उत्तरं. मावशीने दोन्ही रकाने तोंडपाठ केले होते. आणि पाठ अर्ध्यावर आला असताना त्या पोराने हात वर करून विचारलं, "बाई, कोनाच्या बाजू जातात तर कुठपर्यंत जातात? संपतात कुठे?" हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नव्हता. मावशी खडू हातात धरून उभी राहिली. डोळ्यांपुढे फळा गरगरला आणि घंटा होईपर्यंत तिच्या तोंडून एक धड वाक्य निघालं नाही. घरी येऊन ती मोरीत तोंडावर पाणी मारत कितीतरी वेळ उभी होती.

म्हणून या वर्षी तिने निश्चय केला होता, अनपेक्षित काही घडूच द्यायचं नाही. विषय मिळाला होता अपूर्णांकांचा लहानमोठेपणा. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात वर्ग भरायचा. नवरा स्टुलावर, सासूबाई पाटावर आणि कपाटाच्या दाराला चिकटवलेला काळा कागद हा फळा. नवरा गुणी विद्यार्थी होता, पढवलेली उत्तरं बिनबोभाट द्यायचा. सासूबाई मात्र वर्गातली सगळ्यात द्वाड मुलगी.

"एक छेद तीन मोठा की एक छेद चार?" मावशी विचारायची.

"मला नाही कळलं," सासूबाई.

"आई, तुम्हाला कळलंय. मुद्दाम करताय तुम्ही."

"मग मुलं काय मुद्दाम करत नाहीत? आणि समजा खरंच नाही कळलं, तर ते मी सांगायचं कुठे? तुझ्या कागदावर त्याला जागाच नाही."

नवरा खो खो हसायचा. तो छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर कामाला होता. पाठाच्या आदल्या दिवशी तो घरी आला तो कागदी पट्ट्यांचं एक जाडजूड पुडकं घेऊनच. सगळ्या एका लांबीच्या, एका रुंदीच्या, रबर लावून बांधलेल्या. "एकेका पोराच्या हातात एकेक दे," तो म्हणाला. "घड्या घालतील, आपोआप कळेल." मावशीने कपाळाला हात लावला. एवढ्या मुलांच्या हातात कागद दिला तर वर्ग राहील का वर्ग? वर्गनियंत्रणाचे वेगळे गुण असतात. तिने मोठ्ठा रंगीत तक्ता केला होता, तो दाखवायचा आणि पुढे सरकायचं. पण माणूस हौसेने घेऊन आला होता, म्हणून पुडकं तिने पिशवीच्या तळाशी टाकलं.

आता ती शाळेच्या व्हरांड्यात पाचवीच्या वर्गाबाहेर उभी होती, काखेत तक्त्याची गुंडाळी. आत पहिल्या तासाचा पाठ संपत आला होता. तो होता तिच्या जोडीदाराचा. कॉलेजात पाठांसाठी जोड्या लावून देतात. मावशीच्या वाट्याला आलेला हा मुलगा दिसायला देखणा, केसांचा भांग कधी मोडायचा नाही, म्हणून सगळे त्याला हिरो म्हणत. पण मनाने सरळ. मावशीचे तक्ते उशिरापर्यंत थांबून त्यानेच रेखून दिले होते आणि तिची सराव पाठांना बोबडी वळायची तेव्हा खिडकीतून अंगठा वर करून धीर द्यायचा तोही हाच.

घंटा झाली. हिरो बाहेर आला तो घामाघूम, पण चेहरा असा फुललेला की विचारायची गरजच नव्हती.

"फक्कड झाला, मावशी! प्रत्येक प्रश्नाला सगळा वर्ग हात वर. एकूण एक. परीक्षक बघतच राहिले."

"एकूण एक?" मावशीने विचारलं. "पाचवीचा वर्ग, आणि सगळ्यांना सगळं येतं?"

हिरोने इकडेतिकडे पाहिलं आणि तोंड तिच्या कानाशी आणलं. "काल रिकाम्या तासाला येऊन गेलो होतो. मुलांना सांगून ठेवलंय, प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. आपण फक्त उजव्यालाच उठवायचं. डाव्याला कधीच नाही, असा शब्द दिलाय. खेळ वाटतो पोरांना. तुमच्याही तासाला तसंच करायचं म्हणून बजावलंय. तुमचं काम मी करून ठेवलं!"

मावशीला त्याचा राग आला, कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. आणि त्याच क्षणी, त्या रागाच्या खालून, दुसरंच काहीतरी वर आलं. हायसं वाटलं तिला. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण हायसं वाटलं हे खरं.

"असलं काही नको होतं रे करायला," ती म्हणाली. आवाजात जोर नव्हता.

"मावशी, सगळेच करतात. आधी पाठ दिलेल्यांनीच सांगितलं मला. आणि हे बघा, उजवा म्हणजे त्यांचा उजवा हं. समोरून आपल्याला उलटा दिसतो. कवायतीसारखं करू नका."

कवायतीचं नाव निघताच मावशीचे कान तापले. मुलांपुढे उभं राहून कवायत शिकवायची तर शिक्षकाने उलट्या हाताने करून दाखवायचं असतं. मुलांना उजवा उचलायला लावायचा तर आपण डावा उचलायचा, म्हणजे आरशात बघितल्यासारखं त्यांना सोपं जातं. सगळी तुकडी एका दिवसात शिकली. मावशीचा मात्र दर वेळी गोंधळ. एकदा तर तिने अर्धा वर्ग एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला वाकवला होता आणि मैदानभर हशा पिकला होता. मावशीला डावं-उजवं कळत नाही, असं तेव्हापासून सगळे म्हणायचे.

"पुढचा उमेदवार," आतून आवाज आला.

नाही म्हणायची वेळ तीच होती. मुलांना सांगता आलं असतं की आज तसलं काही नाही. पण परीक्षकांसमोर सांगणार कसं? सांगितलं तर हिरोचा पाठ गेला. नाही सांगितलं तर... मावशीने पुढचा विचार केलाच नाही. ती आत गेली.

परीक्षक मागच्या बाकावर बसले होते. पिकलेले केस, हडकुळी मान, मांडीवर जाडसर पुठ्ठा आणि त्यावर गुणांचा कागद. हसणं नाही, रागावणं नाही, नुसतं बघणं. नियमाप्रमाणे पाठ देऊन झालेल्या जोडीदाराला वर्गात बसून पुढच्या पाठाचं निरीक्षण करायचं असतं, म्हणून हिरो त्यांच्या पलीकडच्या बाकावर येऊन टेकला. मुलं उठून उभी राहिली, बसली. खिडकीतून ऊन येत होतं आणि फळ्याचा एक कोपरा चकाकत होता. तिथे लिहायचं नाही, मागून दिसत नाही, हे मावशीने मनात नोंदवलं. अजून डोकं ठिकाणावर होतं.

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. अर्धा म्हणजे काय? हात झपकन वर गेले, सगळेच्या सगळे. मावशीने डोळे बारीक करून पाहिलं. माझी डावी बाजू म्हणजे त्यांचा उजवा. माझी डावी, त्यांचा उजवा. जवळजवळ सगळ्यांचे उजवेच होते. तिने पुढच्या बाकावरच्या एका मुलाला उठवलं. त्याने उत्तर दिलं आणि अपेक्षित रकान्यातलंच दिलं. दुसरा प्रश्न, दुसरं उत्तर. फळ्यावर अक्षर ठीक येत होतं. तक्ता टांगला, तो सरळ लटकला. परीक्षकांचं पेन अधूनमधून हलत होतं. जमतंय, तिला वाटलं. पुढे सरक, थांबू नकोस.

मग आला तो प्रश्न. पाठाचा कणाच होता तो.

"एक छेद तीन मोठा की एक छेद चार?"

हात वर गेले. पुन्हा सगळे. पण या वेळी मावशीला दिसलं की हातांचं रान बदललंय. इतका वेळ एका बाजूला झुकलेले हात आता दोन्हीकडे होते. अर्धे या बाजूचे, अर्धे त्या बाजूचे, काही तर वर जाता जाता बदललेले. अर्ध्या वर्गाला कळलेलंच नव्हतं. तक्ता रंगीत होता, सरळ लटकत होता, आणि अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून गेला होता.

आणि मागे परीक्षक या सगळ्या वर गेलेल्या हातांकडे पाहून समाधानाने मान हलवत होते.

आता उजवा शोध, मावशीने स्वतःला बजावलं. माझी डावी, त्यांचा उजवा. की माझी उजवी? कवायत आठवली, आणि आठवायला नको होती. मैदान, हशा, वाकलेला अर्धा वर्ग. आरशात उलटं दिसतं, मग उलट्याचं उलटं म्हणजे सरळ... सगळे हात वर ताटकळले होते. परीक्षकांनी पेन उचललं. एवढा वेळ लावून चालत नाही, प्रश्नानंतर लगेच उठवायचं असतं. मावशीच्या उजव्या अंगाला, खिडकीजवळच्या बाकावर, निळा हेअरबँड लावलेली एक मुलगी हात ताठ धरून बसली होती. हा उजवाच, मावशीचं ठरलं.

"तू. निळा बँड. सांग बघू."

मुलगी उठली नाही. तिचा हात वरच राहिला आणि तोंडाचा आ झाला. तिने एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं, एकदा मावशीकडे.

"ऊठ ना बाळा."

मुलगी उठली. आणि मग ती रडवेल्या आवाजात, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी बोलली, "बाई, माझा डावा आहे! डाव्याला उठवायचं नाही असं ठरलं होतं ना?"

मुलांना कळतं तेव्हा लगेच कळतं. सगळ्यांचे हात सावकाश खाली आले. फक्त त्या मुलीचा डावा हात वर होता, तो खाली आणायचं भान तिला राहिलं नव्हतं. मागे परीक्षकांची मान हलायची थांबली.

"काय ठरलं होतं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मावशीला बरं वाटलं असतं.

मुलगी बोलणार होती. ती वळून हिरोच्या बाकाकडे बघायला लागली होती. हिरोचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागच्या वर्षी मावशी अशा वेळीच गप्प झाली होती. फळा गरगरायला लागलाच होता, पण समोर ती पोर उभी होती. तिला शब्द दिला होता आणि तो मोडला होता. रडू आवरता आवरत नव्हतं तिला. मावशीला एकदम त्या पोरीचाच इतका कळवळा आला की बाकीचं मागे पडलं.

"सर, तिचं काही चुकलं नाही," मावशी म्हणाली. "मुलांना सांगितलेलं आहे की उत्तर येत असेल त्याने उजवा हात करायचा आणि येत नसेल त्याने डावा. म्हणजे मागून सगळे हात वर दिसतात. मला हे माहीत होतं. माहीत असून मी आत आले आणि उजवे शोधत बसले. माझा उजव्या-डाव्यात गोंधळ झाला म्हणून हिला उठवलं. नाहीतर ही शेवटपर्यंत तशीच बसून राहिली असती आणि मी पुढे गेले असते."

सगळं एका दमात बोलून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण बोलतोय. तोंडाला कुलूप लागलं नव्हतं.

हिरो धडपडत उठला. "सर, ते मी सांगितलं होतं मुलांना. काल. मावशींनी... या उमेदवारांनी नव्हतं सांगितलं."

"बसा," परीक्षक म्हणाले. त्यांनी पुठ्ठ्यावरच्या कागदाखालून हिरोच्या गुणांचा कागद काढून त्यावर तिरकी रेघ मारली. "तुमचा पाठ मी उद्या पुन्हा बघेन. दुसऱ्या वर्गावर. आणि या वेळी मुलांना आधी भेटायचं नाही." मग ते मावशीकडे वळले. "उमेदवार, तुमचा तास संपलेला नाही. चालू ठेवा."

चालू ठेवा! काय चालू ठेवायचं? मावशीने टेबलावरच्या टाचणाकडे पाहिलं. पुढचा प्रश्न होता एक छेद पाच आणि एक छेद सहा. अपेक्षित उत्तर शेजारी सुंदर अक्षरात लिहिलेलं. मग नियम सांगणे, मग फळ्यावर सारांश, मग स्वाध्याय. ते सगळं भराभर उरकलं तर निदान पाठ पुरा तरी होत होता. पुऱ्या पाठाला पुऱ्या पाठाचे गुण असतात. आणि एवढं सगळं घडून गेल्यावर एकेक गुण तिला हवा होता.

तिने टाचण पालथं घातलं.

"आता कोणाकोणाचा डावा होता?" तिने विचारलं. "करा बरं वर पुन्हा. मी रागावणार नाही. मला बघायचंय, कोणाकडे यायचं ते."

कोणी हललं नाही. एकदा फसलेली मुलं दुसऱ्यांदा इतक्या सहज हात वर करत नाहीत. मावशी थांबली. मागे पेन खरडल्याचा आवाज झाला, काहीतरी लिहिलं जात होतं. मग निळ्या बँडवालीने नाक पुसलं आणि डावा हात वर केला. तिच्या मागच्याने केला. मग भिंतीकडच्या सगळ्या रांगेने.

मावशीने पिशवी उलटी केली. डबा पडला, पाण्याची बाटली पडली आणि सगळ्यात शेवटी ते रबर लावलेलं पुडकं पडलं.

पुढे जे झालं त्याला वर्गनियंत्रण कुणीच म्हटलं नसतं. पट्ट्या वाटताना दोघं भांडली. एकाने पट्टीचं विमान केलं. मागच्या रांगेतली मुलं बाकांवर चढून बघायला लागली. तीन सारख्या घड्या घालणं हे मोठ्यांनाही पटकन जमत नाही, तिथे ही पोरं जीभ बाहेर काढून घड्या घालत होती, मोडत होती, शेजाऱ्याची बघत होती. मावशी या बाकावरून त्या बाकावर ओणवी होत होती आणि साडीचा पदर खडूने भरला होता. मागे परीक्षक उठून उभे राहिलेले तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले, पण तिकडे बघायला तिला सवड नव्हती.

ती निळ्या बँडवालीपाशी पोचली. "चार हा तीनपेक्षा मोठा असतो," मुलगी हट्टाने म्हणाली. "मग एक छेद चार मोठा. तुम्ही तक्त्यावर उलटं दाखवलंत."

म्हणजे इथे अडलं होतं घोडं! मावशीला तिला मिठीच मारावीशी वाटली. "बरं. ही पट्टी तिघी मैत्रिणींत वाट. आणि ही दुसरी चौघींत."

मुलीने घड्या घातल्या. एकेक तुकडा फाडला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. बघितलं. उलटसुलट करून पुन्हा बघितलं, जणू कोणीतरी हातचलाखी केली आहे.

"वाटेकरी वाढले की आपल्याला कमी मिळतं," ती हळूच म्हणाली. मग एकदम ओरडली, "म्हणून चारवाला छोटा!"

सासूबाई असत्या तर टाळ्या वाजवल्या असत्या. मावशी वर सरळ झाली तेव्हा परीक्षक तिच्या शेजारीच उभे होते, आणि फळा अर्धा रिकामा होता. सारांश नव्हता. स्वाध्याय नव्हता. टाचण पालथंच पडलं होतं. घंटेला थोडाच वेळ उरला होता. मावशीला सगळं एकदम दिसलं.

"मी एक प्रश्न विचारतो," परीक्षक वर्गाकडे वळून म्हणाले. "एक छेद सात मोठा की एक छेद नऊ? आणि हात मनाने करा. ज्याला जो करायचा तो."

हात वर जायला लागले. मावशी या वेळी वर्गाच्या मधोमध, मुलांसारखंच फळ्याकडे तोंड करून उभी होती, त्यामुळे उलटसुलट करायची गरज नव्हती. उजवे. उजवे. भिंतीकडची रांग, उजवे. एक-दोन डावे, संकोचलेले. आणि खिडकीजवळ निळ्या बँडवालीचा हात वर गेला.

डावा.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सगळं पणाला लावलं, टाचण टाकलं, वर्गाचा बाजार केला, आणि जिच्यासाठी केलं तिलाच कळलं नव्हतं. परीक्षकांनीही तो हात पाहिला. ते तिच्या बाकापाशी गेले.

"तुला नाही आलं?"

"आलं की," मुलगी म्हणाली. "एक छेद सात मोठा. सात जणांतच वाटायचंय ना."

"मग डावा हात का केलास?"

मुलीने असा चेहरा केला, जणू एवढ्या मोठ्या माणसाला एवढं साधं कसं कळत नाही. "मला बाईंना आणखी एक विचारायचंय. डावा हात केला की बाई आपल्याजवळ येतात."

पुठ्ठा काखेत धरून परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं आणि मावशीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "टाचण अर्धं राहिलं. तेवढे गुण जातील, त्याला माझा इलाज नाही. पास व्हायला बाकीचे पुरतात." हिरोने मागे जोरात सुस्कारा सोडला. मावशीला हसावं की रडावं ते कळेना. ती नुसती मान हलवत राहिली.

"काय विचारायचंय तिला?" तिने कसंबसं म्हटलं.

"मला काय ठाऊक? मला नाही बोलावलं तिने," परीक्षक म्हणाले. सकाळपासून त्यांनी तिला उमेदवार याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. "जा, बाई. हात दुखेल तिचा."

मावशी गेली. मुलीने दोन्ही हातांत एकेक पट्टी धरली होती. "बाई, खालचा आकडा वेगळा असला की कळतं. पण वरचा पण वेगळा असेल तर? दोन छेद पाच मोठा की एक छेद तीन?"

हा प्रश्न टाचणात नव्हता. कुठल्याच रकान्यात नव्हता. मावशी बाकावर तिच्या शेजारी टेकली, मुलगी जागा करून देत आत सरकली.

"मलाही घडी घालूनच बघावं लागेल," मावशी म्हणाली. "दे ती पट्टी इकडे."